अर्श : लक्षणांचे यथार्थ आकलन व व्यवच्छेदक निदान

प्रस्तावना

वैद्यकव्यवसायात नित्य भेटणाऱ्या व्याधींमध्ये अर्श अर्थात मूळव्याध हा एक प्रमुख व्याधी होय. सुश्रुताचार्यांनी अष्टमहागदांमध्ये त्याची गणना केली आहे. जो शत्रूप्रमाणे प्राणांना पीडा देतो तो अर्श, अशी या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली जाते. महागद म्हणून गौरविलेला हा व्याधी आज मात्र इतका परिचित झाला आहे की, रुग्णाने ‘मूळव्याध आहे’ असे म्हणताच अनेकदा आपली लेखणी चालू लागते. परीक्षण राहून जाते आणि औषधयोजना आधी होते. प्रस्तुत लेखाचा हेतू या सवयीचा पुनर्विचार करावा, हाच आहे.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लक्ष असून त्यातील चार-पंचमांशांहून अधिक लोक ग्रामीण भागात राहतात. गुदगत विकारांविषयी बोलण्याचा संकोच ग्रामीण समाजात आजही मोठा आहे. ‘मोड आले’, ‘कोंब आला’, ‘बवासीर आहे’ या शब्दांत रुग्ण आपली व्यथा सांगतो, आणि ती सांगण्यापूर्वी बहुधा औषधी दुकानातून एक-दोनदा औषध घेऊन झालेले असते. म्हणूनच हा लेख वैद्यबंधू-भगिनींप्रमाणेच औषधी विक्रेत्या बांधवांसाठीही आहे.

गुदरचना

सुश्रुतमतानुसार स्थूलांत्राशी संलग्न असलेला गुद साडेचार अंगुले लांबीचा असून त्यात शंखाच्या आवर्ताप्रमाणे एकावर एक अशा प्रवाहणी, विसर्जनी व संवरणी या तीन वली आहेत. प्रवाहणी सर्वांत आत, तर संवरणी सर्वांत बाहेर. अर्शाचे अधिष्ठान या वलींच्या ठिकाणी असते, आणि साध्यासाध्यता ठरविताना कोणती वली दुष्ट आहे याला फार महत्त्व आहे.

आधुनिक शारीरानुसार गुदमार्गात रक्तवाहिन्या, स्नायुतंतू व संयोजी धातू यांनी बनलेल्या तीन मृदू गाद्या असतात. त्या सर्वांनाच असतात व मलावरोधनास साहाय्य करतात. रुग्ण उताणा, पाय वर घेऊन झोपला असता घड्याळाच्या ३, ७ व ११ या स्थानी त्या आढळतात. वारंवार कुंथण्याने त्यांचा आधार शिथिल होऊन त्या खाली सरकल्या, फुगल्या, म्हणजे अर्श उत्पन्न झाला असे समजावे. गुदमार्गात दंतुर रेषा नावाची एक सीमा आहे. तिच्या वरील भागास वेदनेची जाणीव नाही, खालील त्वचेस ती तीव्र आहे. आंतरिक अर्शातून रक्त येते पण दुखत नाही, या अनुभवाचे कारण हेच. हे एक सूत्र ध्यानी ठेवले तरी निम्मे निदान सुकर होते.

निदान अर्थात हेतू

अग्निमांद्य हे अर्शाचे मूळ होय. अर्श, अतिसार व ग्रहणी हे तीन विकार परस्परांना कारणीभूत होतात आणि अग्नी मंद असता वाढतात, हे चरकाचार्यांचे प्रतिपादन सर्वश्रुत आहे. याखेरीज विरुद्धाशन, अध्यशन, वेगधारण, बलपूर्वक प्रवाहण, उत्कटुकासन म्हणजे उकिडवे बसणे, विषम व कठीण आसन, वाहनावरून अतिप्रवास, तसेच स्त्रियांमध्ये गर्भाचा दाब हे हेतू संहितांनी सांगितले आहेत.

आपल्या जिल्ह्यात हे हेतू शोधण्यास दूर जावे लागत नाही. सोयाबीनची सोंगणी व निंदणाची कामे तासन्‌तास उकिडवे बसून होतात. ट्रॅक्टरचे कठीण आसन, खाचखळग्यांच्या रस्त्यावरील दुचाकीचा प्रवास, उन्हाळ्यातील पाणीटंचाई व त्यातून होणारे अल्प जलपान, खर्रा व चहा यांनी भागविलेली भूक, हे सारे विषमाग्नीस पोषकच. शेतात काम करणाऱ्या भगिनींना आडोशाअभावी दिवसभर मलमूत्राचा वेग धरावा लागतो, याची चौकशी आपण क्वचितच करतो. शहरी रुग्णांत शौचालयात भ्रमणध्वनी घेऊन दीर्घकाळ बसणे हा नवा हेतू दिसू लागला आहे. तिखट ठेच्यालाच सर्व दोष देऊन मोकळे होणे योग्य नव्हे. मलाचे काठिण्य व कुंथणे हे अधिक बलवान हेतू आहेत.

पूर्वरूपे

अन्नावर अरुची, कष्टाने पचन, आंबट ढेकरा, पोटात गुडगुड व आटोप, मलावष्टंभ, मांड्या गळून जाणे, कृशता, डोळ्यांभोवती सूज, गुदाच्या ठिकाणी कातरल्यासारखी वेदना आणि पांडू वा ग्रहणी असावी अशी शंका, ही पूर्वरूपे सुश्रुताचार्यांनी वर्णिली आहेत. या अवस्थेतच दीपन, पाचन व अनुलोमन केल्यास पुढील व्याधी टळू शकतो. परंतु या अवस्थेत रुग्ण ‘गॅसेस झाले’ म्हणून येतो. त्याच्या मलप्रवृत्तीविषयी विचारणा करणे हे आपले काम आहे.

प्रकार व रूपे

सुश्रुताचार्यांनी वातज, पित्तज, कफज, रक्तज, सन्निपातज व सहज असे सहा प्रकार मानले आहेत. चरकाचार्यांनी सहज व जन्मोत्तर असा भेद करून, चिकित्सेच्या दृष्टीने शुष्क व आर्द्र (स्रावी) असे वर्गीकरण स्वीकारले. वातकफप्रधान ते शुष्क, रक्तपित्तप्रधान ते आर्द्र.

१) वातज : अंकुर शुष्क, कठीण, खर, अरुण वा श्यामवर्ण व परस्परांहून भिन्न आकाराचे असतात. तोंडली, बोर, खजूर व कापसाचे फळ यांच्या उपमा ग्रंथांत आहेत. आपल्या कापूस पिकविणाऱ्या भागात ही शेवटची उपमा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कटी, पृष्ठ, पार्श्व व गुद येथे शूल आणि कठीण मल ही लक्षणे प्रमुख.

२) पित्तज : अंकुर मृदू, तनू, टोकाशी नीलवर्ण, पसरणारे, पोपटाच्या जिभेसारखे वा जळूच्या मुखासारखे. दाह, तृष्णा, ज्वर व सरक्त द्रव मल.

३) कफज : अंकुर मोठ्या मुळाचे, स्थिर, गोल, स्निग्ध व पांडुर. कंडू अत्यधिक. ते फुटत नाहीत व स्रवत नाहीत. मल श्लेष्मयुक्त व प्रमाणाने अधिक.

४) रक्तज : वडाच्या अंकुरासारखे, पोवळे वा गुंजेसारखे रक्तवर्ण. लक्षणे पित्तजासमान. कठीण मलाने दाबले जाताच अकस्मात पुष्कळ रक्त वाहते. रक्तक्षयाने रुग्ण बेडकासारखा पिवळा पडतो, हे प्राचीन निरीक्षण आजच्या रक्ताल्पतेचे हुबेहूब चित्र होय.

५) सन्निपातज : तिन्ही दोषांची मिश्र लक्षणे.

६) सहज : बीजदोषामुळे उत्पन्न. रुग्ण जन्मतः कृश, अल्पाग्नी व क्षीणबल असतो.

रक्तजामध्ये वाताचा अनुबंध आहे की कफाचा, हे पाहणे आवश्यक. रक्त पातळ, फेनिल, अरुण व मल कठीण असल्यास वातानुबंध; रक्त घट्ट, तंतुमय, पिच्छिल व मल शिथिल असल्यास कफानुबंध समजावा. पहिल्यात स्निग्ध-शीत, दुसऱ्यात रूक्ष-शीत उपचार हितकर.

आधुनिक मतानुसार आंतरिक अर्शाच्या चार अवस्था आहेत. पहिलीत केवळ रक्तस्राव, अंकुर बाहेर येत नाहीत. दुसरीत मलविसर्जनकाळी बाहेर येऊन आपोआप आत जातात. तिसरीत हाताने आत ढकलावे लागतात. चौथीत ते कायम बाहेर राहतात. दोष व अवस्था या दोहोंची नोंद केसपेपरवर असल्यास चिकित्सेचा निर्णय व पुढील तुलना सुलभ होते.

आमची एक चूक

या ठिकाणी एक अनुभव नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. काही वर्षांपूर्वी पन्नाशी उलटलेले एक शेतकरी आमच्याकडे आले. तीन महिन्यांपासून शौचावाटे रक्त, वेदना नाही. हंगाम सोयाबीनचा, रुग्ण घाईत, बाहेर गर्दी. आम्ही नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, प्रश्न विचारले आणि रक्तार्श असे निदान करून वटी, चूर्ण व अरिष्ट दिले. वीस दिवसांनी रक्त कमी झाल्याचे त्यांनी सांगितले. आम्हांस समाधान वाटले व तेच औषध पुढे चालू ठेवले.

तिसऱ्या खेपेस ते म्हणाले की, जाऊन आल्यावरही पुन्हा जावेसे वाटते, नुसता आव पडतो आणि धोतर सैल होऊ लागले आहे. तेव्हा प्रथमच आम्ही गुदपरीक्षण केले. अंगुलीस कठीण, अनियमित, सहज रक्त येणारी वाढ लागली. त्यांना अकोल्यास पाठविले. तपासणीत गुदनलिकेचा अर्बुद, तोही दुष्ट, असे निष्पन्न झाले. विशेष म्हणजे त्यांना अर्शही होते. शस्त्रकर्म झाले, परंतु मलमार्ग कायमचा पोटावर काढावा लागला. पुढे भेटीस आलेल्या त्यांच्या मुलाने एवढेच विचारले, “सायेब, हे पयल्याच दिवशी समजलं असतं काय?” पहिल्याच दिवशी समजले असते. त्यासाठी दोन मिनिटे व एक हातमोजा पुरेसा होता.

त्या दिवसापासून गुदावाटे रक्त येणाऱ्या कोणत्याही रुग्णास परीक्षणाविना औषध द्यावयाचे नाही, हा नियम आम्ही पाळत आलो आहोत. अर्श दिसले म्हणजे रक्ताचे कारण सापडलेच असे नव्हे. अर्शाच्या आडोशाला दुसरा व्याधी उभा असू शकतो.

परीक्षणविधी

परीक्षणाविषयीचा संकोच आपल्या शास्त्रात नाही. सुश्रुताचार्यांनी अर्शोयंत्राचे वर्णन करताना ते लोह, दंत, शृंग वा काष्ठ यांचे, गाईच्या स्तनाच्या आकाराचे, चार अंगुले लांब असावे आणि पुरुषांसाठी पाच अंगुले व स्त्रियांसाठी सहा अंगुले परिणाहाचे असावे, इतका तपशील दिला आहे. ज्या शास्त्राने दर्शनासाठी यंत्राचे माप ठरविले, त्याच्या अनुयायांनी न पाहता निदान करणे शोभत नाही.

रुग्णास प्रथम विधी समजावून संमती घ्यावी. स्त्रीरुग्णाच्या वेळी स्त्री परिचारिका वा नातलग उपस्थित असावी. रुग्णास डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवावे. नंतर पुढील क्रम ठेवावा.

अ) दर्शन : बाह्य अंकुर, त्वचेचा लोंबता भाग, व्रण, नाडीव्रणाचे मुख, शोथ पाहावा. किंचित कुंथावयास सांगून काही बाहेर येते का ते पाहावे.

आ) स्पर्शन : स्नेहयुक्त अंगुलीने सर्व बाजूंनी परीक्षण करावे. येथे एक गैरसमज दूर व्हावा. साधे आंतरिक अर्श मृदू असल्याने अंगुलीस बहुधा लागतच नाहीत. अंगुलीपरीक्षण हे अर्श शोधण्यासाठी नसून अर्शाव्यतिरिक्त काही नाही ना, हे पाहण्यासाठी आहे.

इ) यंत्रदर्शन : आंतरिक अर्शाचे निदान यंत्रानेच निश्चित होते. यंत्र हळूहळू बाहेर काढताना अंकुर डोकावतात. त्यांचे स्थान घड्याळाच्या आकड्याने नोंदवावे.

तीव्र वेदना असल्यास अंगुली वा यंत्र बळाने घालू नये. वेदनाशमन करून नंतर परीक्षण करावे.

व्यवच्छेदक निदान

परिकर्तिका : मलविसर्जनकाळी कातरल्यासारखी तीव्र वेदना, जी नंतर तासन्‌तास टिकते. रक्त अल्प, मलावर रेघ उमटल्यासारखे. व्रण बहुधा मागील मध्यरेषेत. जीर्ण परिकर्तिकेत बाहेर त्वचेचा अंकुर येतो व त्यालाच रुग्ण ‘कोंब’ म्हणतो. ‘मूळव्याध फार दुखते’ असे सांगणाऱ्यांत ही शक्यता प्रथम विचारात घ्यावी. व्रण मध्यरेषेत नसून बाजूस असल्यास क्षय वा आंत्रशोथाचा विचार करावा.

रक्तगुठळीयुक्त बाह्य अर्श : अकस्मात उत्पन्न झालेली, निळसर, ताणलेली, अतिवेदनायुक्त गाठ.

भगंदर व गुदविद्रधी : ठसठसणारी वेदना, ज्वर, शोथ, पुढे पूयस्राव व बाजूस छिद्र.

गुदभ्रंश : बाहेर आलेल्या भागावर वर्तुळाकार वळ्या, अर्शात मात्र अंकुरांमध्ये उभ्या भेगा दिसतात.

गुदनलिकेतील मांसांकुर : बालकांमध्ये वेदनारहित रक्तस्रावाचे महत्त्वाचे कारण. बालकास मूळव्याध झाली असे सहसा मानू नये.

रक्तातिसार, आंत्रव्रण : रक्त मलात मिसळलेले, सोबत आव, प्रवाहण, उदरशूल. अर्शाचे रक्त लाल व मलापासून वेगळे, थेंबथेंब वा धारेने पडते.

अर्बुद : मलप्रवृत्तीच्या सवयीत बदल, अपूर्ण विसर्जनाची भावना, आव, वजन घटणे, कारणाविना पांडुता.

काळा, चिकट, डांबरासारखा मल हा आमाशय वा पच्यमानाशयातील रक्तस्रावाचे लक्षण आहे, अर्शाचे नव्हे. लोहकल्पाने मल काळा होतो, पण तो चिकट नसतो. यकृद्विकार वा जलोदर असलेल्या रुग्णात गुदावाटे रक्त आल्यास अधिक सावध राहावे.

साध्यासाध्यता

संवरणी वलीतील, एकदोषज व एक वर्षाच्या आतील अर्श सुखसाध्य. मधल्या वलीतील, द्विदोषज व वर्षाहून जुने कष्टसाध्य. अंतर्वलीतील, सहज व त्रिदोषज असाध्य, अथवा अग्नी व बल उत्तम असल्यास याप्य. हात, पाय, मुख, नाभी, गुद व वृषण येथे शोथ आणि हृदय-पार्श्वशूल असल्यास तो रुग्ण असाध्य मानला आहे. असा रुग्ण आपल्याकडे ठेवून घेऊ नये.

चिकित्सासूत्र

भेषज, क्षार, अग्नी व शस्त्र हे चार उपाय सुश्रुताचार्यांनी सांगितले. अल्पकालीन, अल्पदोष व अल्पलक्षणांत भेषज. मृदू, पसरलेल्या, उंच अंकुरांत क्षार. खर, स्थिर, कठीण अंकुरांत अग्नी. बारीक मुळाच्या, उंच, स्रावी अंकुरांत शस्त्र. क्षार लावल्यावर शंभर मात्रा उच्चारण्याइतका काळ थांबावे व अंकुर पिकलेल्या जांभळासारखा झाल्यावर आम्लद्रव्याने क्षाराचे शमन करावे. हे कर्म प्रशिक्षित शल्यवैद्यानेच करावे. चरकाचार्यांनी शस्त्र, क्षार व अग्नी यांच्या अयोग्य प्रयोगाचे दुष्परिणाम स्पष्टपणे मांडले आहेत. रस्त्याकडेच्या फलकांवरून ‘एका इंजेक्शनात मूळव्याध मुळापासून’ अशी हमी देणाऱ्यांकडे गेलेल्या रुग्णांत गुदसंकोच व व्रण आम्ही पाहिले आहेत.

भेषजामध्ये अनुलोमन व अग्निदीपन ही दोन सूत्रे. शुष्कार्शात हरीतकी गुळासह, सूरणकल्प, कांकायनवटी, अभयारिष्ट. आर्द्रात नागकेशर लोणी-साखरेसह, कुटजकल्प, बोलबद्ध रस यांचा उपयोग अवस्थेनुसार करावा. चरकोक्त अर्शोघ्न दशेमानीतील कुटज, बिल्व, चित्रक, शुंठी, अतिविषा, हरीतकी, धन्वयास, दारुहरिद्रा, वचा व चव्य यांचे परिशीलन उपयुक्त ठरते. दुष्ट रक्ताचा स्राव आरंभीच स्तंभन करून रोखू नये हे खरे. परंतु ज्याचे रक्त अतिमात्र गेले आहे, त्यास तत्काळ स्तंभन द्यावे, असेही शास्त्र सांगते. म्हणून हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय ‘वाहू द्या’ असे म्हणू नये. जिल्ह्यातील अनेक स्त्रियांची पांडुता आर्तवाच्या नावे खपून जाते. त्यांना मलाविषयीही विचारावे.

तक्र हे वातकफज अर्शात श्रेष्ठ. अग्निबलानुसार लोणी पूर्ण काढलेले, अर्धे काढलेले वा न काढलेले तक्र योजावे. परंतु उष्णकाळी तसेच दाह, मूर्च्छा व रक्तपित्त यांत तक्राचा निषेध आहे. वैशाखातील वऱ्हाडी उन्हात रक्तार्शाच्या रुग्णास आंबट ताक भरपूर पिण्यास सांगणे शास्त्रसंमत नाही.

पथ्यात सुरण (चिंच वा कोकम घालून शिजविलेला), जव, जुने तांदूळ, मूग, पालेभाज्या, पुरेसे पाणी, तूप. अपथ्यात वेगधारण, दीर्घकाळ कुंथणे, दिवास्वाप, अध्यशन. कोमट पाण्याचा अवगाह वेदना व शोथ यांत सुखावह.

औषधी विक्रेत्यांसाठी

मूळव्याधीचे औषध मागणारा ग्राहक प्रथम आपल्याकडेच येतो. म्हणून चार प्रश्न अवश्य विचारावेत. वय किती? रक्त किती दिवसांपासून? शौचाची सवय बदलली आहे काय? वजन वा भूक कमी झाली आहे काय? चाळिशी उलटलेला ग्राहक, दोन आठवड्यांहून अधिक काळचा रक्तस्राव, पांडुता, गर्भिणी, बालक, ज्वर वा तीव्र वेदना असल्यास औषध न देता वैद्याकडे पाठवावे. तेच औषध दुसऱ्यांदा मागण्यास आलेल्या ग्राहकासही हाच नियम.

अर्शकुठार रसासारख्या कल्पात पारद व दंती आहेत, तर भल्लातककल्पात भल्लातक. ही द्रव्ये औषध नियमांतील ई (१) या परिशिष्टात समाविष्ट असून असे पोटात घेण्याचे कल्प वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावेत, अशी सूचना वेष्टनावर असते. ती ग्राहकास वाचून दाखवावी.

उपसंहार

अर्श हा बहुतांशी साध्य व्याधी आहे. घातक ठरते ते अर्श समजून केलेले दुर्लक्ष. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे आणि २०२४ पासून वाशीम येथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. शंका येताच रुग्णास पुढे पाठविण्यात वैद्याचा कमीपणा नाही. दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपण पाठ केली आहे. गुदविकारांत ती प्रश्नावरच थांबते, एवढेच आम्हांस निदर्शनास आणावयाचे आहे. प्रत्येक वैद्याने आपल्या कपाटातील अर्शोयंत्र काढून, स्वच्छ करून, मेजावर ठेवावे, ही नम्र विनंती.